खेळण्याचा जीर्णोद्धार : मूळपणा, दुरुस्ती आणि सचोटी

१

‘मूळ’ या संकल्पनेविषयीचा वाद साहित्यविचारात गेली काही दशके चालू आहे. तो बहुतांशी संहितेच्या अंगाने झाला आहे. लेखकाची अखेरची इच्छा प्रमाण मानायची की पहिली मुद्रित आवृत्ती, वाचकांच्या अनेक पिढ्यांनी आपली म्हणून स्वीकारलेली प्रत कितपत ग्राह्य धरायची, प्रक्षेप कशाला म्हणायचे, हे प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परिचित आहेत. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न एका अगदी वेगळ्या आणि प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या संदर्भात मांडून पाहायचे आहेत. ही वस्तू म्हणजे खेळण्यातली जुनी आगगाडी. पत्र्याची, चावीची किंवा विजेवर चालणारी, रूळ, डबे, वाघिणी आणि सिग्नल यांच्यासह एका खोक्यातून घरी आलेली. अशा गाड्या दुरुस्त करून त्यांना पूर्वरूप देणे हा जगभर अनेकांचा छंद आहे, आणि त्याभोवती एक बाजारही आहे. दुरुस्ती कशी करावी याविषयी या छंदात पुष्कळ लिहिले जाते. ती करण्याचा अधिकार कोणाला, कितपत आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न मात्र क्वचितच नीट विचारला जातो.

क्षुल्लक वस्तू निवडण्यामागे एक पद्धतीविषयक कारण आहे. देवळाचा, किल्ल्याचा किंवा राजवाड्याचा जीर्णोद्धार हा विषय निघाला की श्रद्धा, अस्मिता आणि राष्ट्र यांचे दडपण विचारावर येते. सिंदखेडराजा येथे जिजाऊंच्या माहेरच्या वास्तूंचे जतन करताना कोणीही तटस्थ राहू शकत नाही, आणि राहावे अशी अपेक्षाही नाही. खेळण्यापाशी असे दडपण नसते. त्यामुळे एरवी आदराच्या आवरणाखाली झाकला जाणारा प्रश्न तेथे उघडा दिसतो : काळाने आणि माणसांच्या हातांनी बदललेली वस्तू पूर्ववत करणे म्हणजे तिला न्याय देणे, की तिच्यावर अन्याय करणे?

२

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. खेळण्यातल्या आगगाड्यांना व्यवस्थेचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनीतील मार्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवर चालणारी गाडी मांडली. एकाच मापाचे रूळ, त्यावर बसणारी इंजिने आणि डबे, आणि हे सर्व वर्षानुवर्षे वाढवत नेण्याची सोय, ही कल्पना तेथून रुजली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० साली संस्थापक फ्रँक हॉर्नबी यांच्या नावाने चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर होते. १९३८ साली त्याच कंपनीने याच्या जवळजवळ निम्म्या मापाची ‘डब्लो’ ही मालिका सुरू केली. तिच्या इंजिनांचे सांगाडे पत्र्याचे नव्हते. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव होते.

या तपशिलातील दोन गोष्टी आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की १९२० चे पहिले हॉर्नबी इंजिन नट-बोल्टांनी जोडलेले होते. मेकॅनोच्या पट्ट्यांप्रमाणेच ते मुलाने सुटे करावे आणि पुन्हा जोडावे अशी निर्मात्याचीच योजना होती. म्हणजे भाग काढणे, बदलणे, नवा बसवणे ही क्रिया या वस्तूवर बाहेरून लादलेली नाही. ती तिच्या रचनेतच अंतर्भूत आहे. पुढे नट-बोल्ट गेले, पत्र्याचे दुमडलेले कान आले, आणि गाडी मुलाच्या हातून सुटी होईनाशी झाली.

दुसरी गोष्ट धातूची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्ताच्या ओतकामात शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला, तर त्या धातूला कालांतराने एक असाध्य विकार जडत असे. दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवर क्षरण सुरू होते, भाग फुगतो, वाकतो, त्याला तडे जातात, आणि शेवटी तो बोटांनी चुरता येईल इतका ठिसूळ होतो. महायुद्धापूर्वीची कित्येक चाके आणि सांगाडे असे नष्ट झाले. हा गंज नव्हे. गंज बाहेरून येतो आणि खरवडून काढता येतो. हा दोष ओतण्याच्या क्षणीच आत शिरलेला असतो आणि त्यावर उपाय नाही. अशा भागाचे जतन अशक्य; त्याचा फक्त साचा घेऊन दुसरा भाग ओतता येतो. ‘मूळ अवस्था’ हा आदर्श मानणाऱ्याला येथे एक अडचण उत्पन्न होते. या वस्तूच्या मूळ अवस्थेतच तिचा नाश दडलेला होता. मूळाशी पूर्ण निष्ठा ठेवायची तर ती मोडू द्यावी लागेल.

३

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, खामगावातील एखाद्या जुन्या कापूस-व्यापाऱ्याच्या वाड्याच्या माळ्यावर १९२० नंतरच्या दशकात मुंबईहून आणलेली चावीची गाडी सापडली. इंजिनाच्या एका बाजूचा हिरवा रंग उडाला आहे. चिमणी वाकली आहे. आतली कमान तुटली आहे. एका वाघिणीच्या तळाशी कोणा मुलाने खिळ्याने आपले नाव कोरले आहे. आणि दुसऱ्या वाघिणीचे एक चाक हरवल्यामुळे त्या जागी शिवणयंत्राच्या लाकडी रिळाचा कापलेला तुकडा बसवला आहे. ही गाडी आता दुरुस्त करायची आहे. काय करावे?

या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर असे, की गाडी दुकानातून निघाली तेव्हा जशी होती तशी करावी. रंग खरवडून त्याच छटेचा नवा रंग द्यावा, कोरलेले नाव भरून काढावे, रिळाचा तुकडा फेकून योग्य चाक बसवावे. फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक याने १८६६ साली जीर्णोद्धाराची जी व्याख्या केली, तिच्याशी हे उत्तर जुळते. त्याच्या मते जीर्णोद्धार म्हणजे वस्तूला एका पूर्णावस्थेत स्थापित करणे, मग ती पूर्णावस्था इतिहासात कोणत्याही एका क्षणी प्रत्यक्षात नसली तरी हरकत नाही. दुसरे उत्तर याच्या नेमके उलट आहे. १८४९ साली जॉन रस्किनने जीर्णोद्धार हे सरळसरळ असत्य ठरवले होते. वस्तूची निगा राखा, पण गेलेले परत आणल्याचा आव आणू नका, असा त्याचा आग्रह होता. त्यानुसार धूळ झटकून गाडी जशीच्या तशी कपाटात ठेवावी. तिसरे उत्तर व्यावहारिक आहे : बाकी काहीही करा, पण गाडी चालली पाहिजे; न चालणारी गाडी खेळणे नव्हे.

यांतील पहिल्या दोन उत्तरांमागे एक समान गृहीतक आहे. वस्तूची खरी अवस्था एकच असते आणि ती भूतकाळातील कोणत्या तरी बिंदूवर निश्चित करता येते, असे दोन्ही पक्ष मानतात. एकाचा बिंदू कारखान्याच्या दाराशी आहे, दुसऱ्याचा माळ्यावर. खेळण्याच्या बाबतीत हे गृहीतक टिकते का, हे तपासले पाहिजे.

नेल्सन गुडमन याने १९६८ सालच्या ‘लँग्वेजिस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलांचे दोन वर्ग केले आहेत. चित्रासारख्या कलेत विशिष्ट हाताने घडवलेली विशिष्ट वस्तू हीच कृती असते. तिची हुबेहूब नक्कलही नक्कलच ठरते. या वर्गाला आपण ‘हस्तसिद्ध’ म्हणू. कविता किंवा संगीतरचना यांच्या बाबतीत मात्र अक्षरे वा स्वर बरोबर उतरले की प्रत्येक प्रत सारखीच खरी. या वर्गाला ‘संहितासिद्ध’ म्हणता येईल. खेळण्यातली गाडी कोणत्या वर्गात पडते? कारखान्यातून ती हजारोंच्या संख्येने एकाच साच्यातून निघते, तेव्हा ती संहितासिद्धाच्या जवळ असते. एक नग दुसऱ्याच्या जागी चालतो. परंतु ती घरी येते, पडते, वाकते, तिच्यावर नाव कोरले जाते, रिळाचे चाक लागते, आणि हळूहळू ती जगातील इतर सर्व नगांपासून वेगळी होते. म्हणजेच खेळणे हे संहितासिद्ध म्हणून जन्मते आणि हस्तसिद्ध म्हणून जगते. हे रूपांतर करणारा हात निर्मात्याचा नसून मुलाचा असतो. वाचकाशिवाय संहिता अपुरी असते हे विधान साहित्यात आपण बरेचदा रूपकार्थाने करतो. खेळण्यापाशी ते अक्षरशः, पत्र्यावर उमटलेले दिसते.

हे मान्य केले की पहिल्या उत्तराचा खरा दोष ध्यानात येतो. गाडी नवीकोरी करणारा कारागीर निर्मात्याला न्याय देतो, पण मुलाला पुसून टाकतो. तो एका विशिष्ट वस्तूला पुन्हा ‘कोणताही एक नग’ बनवतो.

४

यावर असा आक्षेप येईल की भाग बदलल्याने वस्तूची ओळख बदलते हे मानणेच मुळात भाबडेपणाचे आहे. या आक्षेपाची परंपरा जुनी आहे. प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली : कुजलेली फळी काढून नवी बसवत गेल्यावर जहाज तेच राहिले का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे आस का, चाके का, साटा का? यांपैकी काहीच नव्हे, आणि या सर्वांवाचून निराळाही रथ नाही. या अवयवांच्या आधाराने ‘रथ’ हा व्यवहारातील शब्द तेवढा वापरला जातो. नागसेनाचा युक्तिवाद स्वीकारला तर ‘मूळ गाडी’ ही केवळ संज्ञा ठरते आणि तिच्या शुद्धतेचा आग्रह अर्थहीन होतो. मग कारागीराने हवे ते भाग बदलावेत, हरकत कसली?

तथापि येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. वस्तूचे सत्त्व काय, हा एक प्रश्न. वस्तूविषयी आपण दुसऱ्याला काय सांगतो, हा दुसरा. नागसेनाने पहिला प्रश्न निकालात काढला, दुसरा नव्हे. उलट ‘रथ’ हे नाव व्यवहाराने ठरते असे म्हटल्यावर व्यवहारातील सचोटीची जबाबदारी अधिकच वाढते. टॉमस हॉब्जने १६५५ साली थीसियसच्या गोष्टीला जोडलेली पुस्ती या दृष्टीने उद्बोधक आहे. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांतून त्याच क्रमाने दुसरे जहाज उभे केले तर? छंदाच्या बाजारात ही केवळ कल्पना नाही. जुन्या इंजिनांचे सुटे भाग विकले जातात, नव्याने ओतलेली चाके आणि छापलेली चिन्हे मिळतात, आणि दोन मोडक्या इंजिनांतून एक चांगले इंजिन तयार करणे ही रूढ गोष्ट आहे. तत्त्वज्ञाला यात कूटप्रश्न दिसेल. परंतु ते इंजिन ‘अस्सल’ म्हणून विकले गेले आणि आतील चाके कालची आहेत हे सांगितले गेले नाही, तर तेथे कूटप्रश्न उरत नाही. तेथे फसवणूक झालेली असते. सत्ताशास्त्राचा प्रश्न अनिर्णित ठेवूनही नीतीचा प्रश्न निकालात काढता येतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

तेव्हा नैतिक दोष भाग बदलण्यात नाही. बदल लपवण्यात आहे, हा आपला पहिला निष्कर्ष. जस्ताच्या रोगाने चुरलेले चाक बदलणे हे पाप नव्हे. नव्या चाकावर नवेपणाची खूण न ठेवणे हा मात्र अपराध होऊ शकतो.

५

या निष्कर्षाला मराठीच्या आणि भारतीय विद्येच्या परंपरेत भक्कम आधार सापडतो, आणि तो वास्तुशास्त्रात नसून पाठपरंपरेत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुकथनकर यांनी अंगीकारलेली पद्धत सर्वश्रुत आहे. हस्तलिखितांच्या तुलनेने ठरलेला पाठ वर, आणि गाळलेले सर्व पाठभेद खाली. शिवाय स्वीकारलेल्या पाठातही जेथे संपादकाला पुरेशी खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. ही रेघ म्हणजे विद्वत्तेच्या इतिहासातील सचोटीचे एक सुंदर चिन्ह आहे. येथे माझा हात लागला आहे, असे ती वाचकाला सांगते. इटलीत चेझारे ब्रांदी याने चित्रांच्या जीर्णोद्धारासाठी सुचवलेली युक्ती याच जातीची आहे. उडालेल्या रंगाच्या जागी बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. लांबून चित्र अखंड दिसावे, जवळून पाहणाऱ्याला मात्र भरलेला भाग ओळखू यावा. कलाकृतीची एकात्मता परत आणताना खोटेपणा करू नये आणि काळाच्या खुणा सरसकट पुसू नयेत, ही १९६३ सालच्या त्याच्या ग्रंथातील अट होय.

याच्या शेजारी एकनाथांचे उदाहरण ठेवून पाहावे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आणि यापुढे जो या ग्रंथात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाचा इशारा दिला. एकनाथांचा हेतू निर्मळ होता आणि त्यांचा अधिकारही निर्विवाद होता. तरीही त्यांनी कोणते पाठ टाकले हे त्यांच्या प्रतीवरून कळत नाही. त्याची किंमत पुढच्या अभ्यासकांनी चुकवली. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि त्यानंतर मूळ ज्ञानेश्वरीचा शोध हा मराठी संशोधनाचा एक न संपणारा अध्याय झाला. शुद्धीकरण उत्तम असूनही अशुद्धाची नोंद राहिली नाही की पुढील पिढ्यांना फक्त विश्वास ठेवता येतो. तपासता येत नाही.

तिसरे उदाहरण महानुभावांचे. बुलढाणा जिल्ह्याचा या परंपरेशी जवळचा संबंध आहे; लोणार आणि मेहकर येथील चक्रधरांच्या वास्तव्याच्या लीळा ‘लीळाचरित्रा’त आहेत. या ग्रंथाची आद्य प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी तो आठवणींतून पुन्हा उभा केला. असा पुनर्रचित ग्रंथ एकसंध आणि गुळगुळीत करणे त्यांना सहज शक्य होते. परंतु निरनिराळ्या आठवणींतील भेद त्या-त्या व्यक्तीच्या नावाने नोंदलेले आढळतात. हा हिराइसेचा पाठ, हा अमक्याचा. तेराव्या-चौदाव्या शतकातील ही नोंद सुकथनकरांच्या तळटीपेची पूर्वज म्हणावी लागेल. हरवलेली वस्तू पुन्हा घडवणाऱ्याने स्वतःला कर्ता न समजता साक्षीदार समजावे, हा तिचा अर्थ.

खेळण्याच्या कारागीराला यातून नियम मिळतो. काढलेला भाग फेकू नये. नव्या भागावर खूण असावी. काय केले याची चिठ्ठी खोक्यात असावी. नियम साधा आहे, पण त्यामुळे कारागीराची भूमिका बदलते. तो मूळाचा मालक राहत नाही, संपादक होतो.

६

आता अधिक अवघड आक्षेपाकडे वळू. हा सर्व विचार पाश्चात्त्य संग्रहालयीन मनोवृत्तीचा आहे, आपल्याकडे वस्तू अशा जपल्या जात नाहीत, असे कोणी म्हणेल. विदर्भात, विशेषतः नागपूरकडे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात. घराण्यात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चाललेल्या या बैलांना सणासाठी पुन्हा रंग दिला जातो. नवी झूल, नवी शिंगोटी. कोणी जुन्या रंगाची नोंद ठेवत नाही आणि ठेवावी असे कोणाला वाटतही नाही. देवाला शेंदूर चढतो तेव्हाही हेच होते. थरावर थर बसत जातात आणि मूळ मूर्तीचा आकार दिसेनासा होतो. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर उतरवल्यावर आतले रूप प्रकट झाले, तेव्हा भक्तांना आनंद झाला. पण त्यापूर्वीची शेंदूरचर्चित देवी खोटी होती असे कोणी म्हटले नाही. १९९४ सालच्या नारा येथील जाहीरनाम्याने तर अस्सलपणाचे निकष त्या-त्या संस्कृतीच्या संदर्भातच ठरवावे लागतील हे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य केले. मग तान्ह्या पोळ्याच्या बैलाला जे चालते ते आगगाडीला का चालू नये?

आक्षेप गंभीर आहे, परंतु त्याचे उत्तर त्याच्याच उदाहरणात आहे. तान्ह्या पोळ्याचा बैल अजून खेळात आहे. त्याला रंग देणारा हात खेळणाऱ्या घराचाच आहे. तो रंग म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. ती खेळाचीच एक क्रिया आहे. आपल्या उदाहरणातील रिळाचे चाकही याच वर्गातले. ज्या दिवशी ते बसवले गेले त्या दिवशी गाडी जिवंत होती, आणि ती चालती ठेवण्याचा अधिकार खेळणाऱ्याला होता. त्याने कोणाला चिठ्ठी लिहून देण्याचे कारण नव्हते. कारागीर येतो तो खेळ संपल्यानंतर, बाहेरून. म्हणून त्याच्यावर हिशेब देण्याची जबाबदारी येते.

हा भेद साहित्यव्यवहारातही दिसतो. कीर्तनकार अभंगातील एखादा शब्द बदलून म्हणतो, ओव्या गाणारी बाई जात्यावर ओवीत आपल्या भावाचे नाव घालते. हे प्रक्षेप नव्हेत, परंपरेचे श्वसन आहे. तोच बदल संपादकाने छापील प्रतीत गुपचूप केला तर तो अपराध होतो. कृती एकच, पण पहिली परंपरेच्या आतून झाली, दुसरी परंपरेविषयी बोलण्याचा अधिकार घेऊन झाली. वापरातील दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांतील ही सीमारेषा ओळखली नाही की एक तर आपण खेळणाऱ्या मुलाच्या हातातून गाडी काढून कपाटात ठेवतो, किंवा कारागीराला मुलाची मोकळीक बहाल करतो. दोन्ही चुका सारख्याच आहेत.

तिसऱ्या उत्तराचा, म्हणजे गाडी चालवण्याच्या आग्रहाचा, विचार येथे करता येतो. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात गाड्या प्रत्यक्ष धावतात, आणि पाहणाऱ्याचा आनंद त्या धावण्यातच असतो. मात्र तेथील गाड्या मुख्यतः प्रतिमाने आहेत. प्रतिमान खऱ्या रेल्वेला उत्तरदायी असते, खेळणे मुलाला. प्रतिमान चालले की त्याचे कार्य पूर्ण होते. जुने खेळणे चालणे हे त्याच्या अर्थाचे एक अंग आहे. दुसरे अंग ते कोणाकडून झिजले हे आहे. म्हणून तुटलेली कमान बदलून गाडी चालती करणे योग्य. त्यासाठी कोरलेले नाव भरून काढण्याची गरज नाही. रिळाचे चाकही राहू द्यावे. गाडी थोडी डुगडुगेल. पूर्वीही डुगडुगत असणार.

७

एक प्रश्न उरतो, आणि वऱ्हाडात बसून या विषयाचा विचार करणाऱ्याला तो टाळता येणार नाही. या गाडीचा जीर्णोद्धार करताना आपण नेमके कशाचे स्मरण करतो?

रोलाँ बार्थने १९५७ साली ‘मिथॉलॉजीज’मध्ये खेळण्यांविषयी लिहिताना दाखवून दिले की खेळणी मुलाला प्रौढांचे जग नैसर्गिक म्हणून स्वीकारायला शिकवतात. आगगाडीच्या बाबतीत ते प्रौढांचे जग कोणते होते, हे खामगावला वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे ब्रिटिशांचे लक्ष वळले. मुंबई-नागपूर मार्ग १८६७ साली पूर्ण झाला. १८७० साली जलंब ते खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा सरकारी खर्चाने बांधला गेला आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो खुला झाला. एवढ्याशा फाट्यासाठी साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी खामगावास आला, कारण तेथील बाजार कापसाचा होता. लक्ष्मण सत्य यांच्या १९९७ सालच्या ग्रंथाने वऱ्हाडातील कापसाचा विस्तार आणि दुष्काळ यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात हीच भूमी होरपळली.

कापूस मुंबईहून बोटीने लिव्हरपूलला उतरे. आणि पत्र्याची गाडी लिव्हरपूलच्याच कारखान्यातून बोटीने मुंबईला येई. खामगावच्या वाड्यातील आपली कल्पित गाडी या परतीच्या प्रवासातली वस्तू आहे. वाड्याच्या बाहेर सरकी वेचणाऱ्या बायांच्या मुलांनी ती बहुधा पाहिलीसुद्धा नसेल. जीर्णोद्धारित गाडी झगमगत्या कपाटात ठेवून आपण ‘ते दिवस’ म्हणतो, तेव्हा ते दिवस कोणाचे, हे विचारणे भाग आहे. रंगाचा नवा हात पत्र्यावरच्या झिजेबरोबर हा प्रश्नही झाकून टाकतो.

यावरून एका शब्दप्रयोगाकडे लक्ष जाते. अरुंद मार्गावरच्या खऱ्या गाड्यांना आपण सर्रास ‘टॉय ट्रेन’ म्हणतो. माथेरानची गाडी १९०७ पासून पर्यटकांना नेते. तिला हे नाव फारसे खुपत नाही. परंतु बुलढाण्याच्या पूर्वेला मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ ही कापसासाठी खाजगी कंपनीने घातलेली रेल्वे होती. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. स्वस्त भाड्यात तालुक्याला जाणाऱ्या गरीब उतारूंची ती गरज होती. तिला खेळण्यातली गाडी म्हटले की तिच्यामागचा करार, कापूस आणि उतारू हे सर्व एका लडिवाळ शब्दात विरून जाते. खेळण्याचा जीर्णोद्धार जसा मुलाला पुसू शकतो, तसा इतिहासाचे खेळणे करणारा शब्द त्यातील माणसांना पुसू शकतो.

याचा अर्थ साम्राज्याची निशाणी म्हणून ती गाडी भंगारात टाकावी असा नाही. वॉल्टर बेंजामिनने खेळण्यांविषयीच्या आपल्या लेखनात दाखवले आहे की मुले प्रौढांनी दिलेल्या वस्तू प्रौढांच्या हेतूनुसार वापरत नाहीत. ती त्यांतून आपले जग निर्माण करतात. रिळाचे चाक याचा पुरावा आहे. लिव्हरपूलच्या कारखान्याला त्या वाघिणीत जे अभिप्रेत नव्हते ते वऱ्हाडातल्या एका घराने तिला दिले. बार्थ म्हणतो ती शिकवण या गाडीत होती, आणि ती शिकवण मोडणारा लाकडाचा तुकडाही तिच्यातच आहे. ‘योग्य’ चाक बसवणारा कारागीर नकळत कारखान्याचा शब्द अखेरचा ठरवतो.

८

सारांश, जुन्या खेळण्याच्या जीर्णोद्धारात कारागीर तिघांना बांधलेला असतो. निर्मात्याला, कारण वस्तूची योजना त्याची. त्याच्या योजनेत चालणे असेल तर ती चालली पाहिजे. खेळलेल्या मुलाला, कारण सामान्य नगाला विशिष्ट वस्तू त्याने केले. त्याच्या खुणा हा दोष नव्हे, पाठ आहे. आणि पुढच्या पाहणाऱ्याला, कारण त्याला तपासण्याचा हक्क आहे. त्याच्यासाठी नागमोडी रेघ हवी. या तिघांत संघर्ष आला तर मुलाचे ऋण सर्वांत मोठे मानावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. निर्मात्याची नोंद सूचिपत्रांत आणि इतर हजार नगांत शिल्लक असते. पुढचा पाहणारा स्वतः बोलू शकतो. खेळून झालेल्या मुलाची बाजू मांडणारी वस्तू मात्र एवढीच असते, आणि ती या घटकेला कारागीराच्या टेबलावर, रंग खरवडण्याच्या पात्याखाली असते.

साहित्याचे अभ्यासक या नात्याने आपणही असेच एक पाते हातात धरतो. जुन्या पोथीवर कोणा अनाम वाचकाने समासात लिहिलेले शब्द आपण गाळतो की छापतो, लोकगीत शुद्ध करून अभ्यासक्रमात घालतो की त्याच्या वेड्यावाकड्या रूपात, हे निर्णय आपण रोज घेतो आणि त्यांना बहुधा तांत्रिक समजतो. ते तांत्रिक नाहीत. दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूविषयी आपण कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न प्रत्येक दुरुस्तीपूर्वी स्वतःला विचारणे एवढीच या विवेचनातून निष्पन्न होणारी मागणी आहे.